संघातर्फे सप्रेम भेट

माझ्या मुलीच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम दर मिनिटाला बदलायची. एखादी खेळाडू नाही, पाचच्या पाच. मिनिटभर पिवळे रिस्टबँड घातलेल्या पाच मुली खेळायच्या, मग त्या बाकावर येऊन बसायच्या आणि हिरव्या रिस्टबँडवाल्या पाच आत जायच्या. कोण चांगलं खेळतंय, कोण वाईट, मॅच हातात आहे की हातची गेली, याचा त्या बदलण्याशी काही संबंध नसे. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास इंग्लंडमधल्या रीडिंग गावात हे चाललं होतं, आणि ते मिनिट मोजायचं काम माझ्याकडे होतं.

ही पद्धत कोचबाईंची. त्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये टेक्निशियन होत्या, साठीला आलेल्या, आणि तरुणपणी आइस हॉकी खेळलेल्या. त्या खेळात मिनिटभराच्या वर कोणी जीव तोडून पळू शकत नाही, म्हणून माणसं सारखी आत-बाहेर होत असतात. बास्केटबॉलही माणसंच खेळतात, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. आत असताना काही राखून ठेवायचं नाही आणि मिनिट संपल्यावर काही विचारायचं नाही, हे त्यांचे दोन नियम होते.

अडचण एकच होती. बास्केटबॉलमध्ये खेळ थांबल्याशिवाय खेळाडू बदलता येत नाही. त्यावर कोचबाईंचा उपाय असा की मिनिट संपल्याची खूण झाली आणि बॉल आपल्या हातात असला, तर तो शांतपणे रेषेबाहेर नेऊन ठेवायचा. म्हणजे समोरच्या टीमला फुकट देऊन टाकायचा. पहिल्यांदा हे बघणाऱ्या टीमला वाटायचं, बिचारीच्या हातून चूक झाली. एकदा तर समोरच्या मुलीने ‘थँक यू’ म्हटलेलं मी ऐकलं आहे. मग ताज्या दमाच्या पाच मुली तिच्या अंगावर धावून जायच्या. निम्म्या वेळा बॉल परत मिळायचा, निम्म्या वेळा नाही. त्या वर्षी एका मॅचमध्ये आम्ही शंभरच्या वर गेलो आणि तरी हरलो.

अशा टीममध्ये चांगल्या खेळाडू टिकत नसत. सप्टेंबरमध्येच दोघी जणी ट्रान्सफर घेऊन दुसऱ्या कॉलेजला गेल्या. आमच्या मुलीला अर्धाच वेळ खेळायला मिळतं, असं त्यांच्या आईवडिलांनी येऊन सांगितलं. सगळ्यांनाच अर्धा वेळ मिळतो, असं कोचबाईंनी त्यांना सांगितलं. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे बोलणं तिथेच संपलं.

गेलेल्यांच्या जागी नव्या मुली आणायची कोचबाईंची रीतही त्यांचीच होती. एक मुलगी त्यांनी कॉलेजच्या नाटकाचे दिवे लावताना पाहिली. ती शिडीवरून फार भराभर उतरायची. माझी मुलगी त्यांना बसमधून दिसली. तिची बस सुटली होती आणि ती पुढच्या स्टॉपपर्यंत बसमागे धावत जाऊन बसमध्ये चढली होती. आमच्या घरी याला वेळेवर न निघणं म्हणतात. कोचबाईंनी शेजारची सीट थोपटून तिला बसवून घेतलं, आणि ती घरी आली ती पिवळा रिस्टबँड घालूनच.

मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. सहाव्या वर्षी नागपूरहून आली, माझ्यापेक्षा तीन इंच उंच झाली, आणि मराठी बोलायची ती आमच्यावर उपकार म्हणून. शाळेत ती बास्केटबॉल खेळायची, पण इतपत चांगली असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. आईचं मत म्हणून सोडून द्या हवं तर, पण बॉल तिच्या हातात आला की समोरच्या मुली आपोआप दोन पावलं मागे सरकत. मग मिनिट संपे आणि ती बाकावर येऊन बसे. तिला त्याचं काही वाटत नसे. मला वाटे.

माझी भरती झाली ती एका ताटामुळे. पहिल्या मॅचला मी सगळ्यांसाठी थालीपीठं घेऊन गेले होते, स्टीलच्या ताटात, वर फॉइल लावून. कोचबाई मिनिट मोजायला अंडी उकडायचा टायमर वापरत होत्या. त्याची टिकटिक त्या मोठ्या जिममध्ये कोणाला ऐकूच येत नव्हती, आणि शिटी वाजवायला परवानगी नव्हती. मध्यंतरात ताट रिकामं झालं, माझ्या हातून त्यावर चमचा पडला, आणि कोर्टाच्या चारी कोपऱ्यांतल्या दहाही मुलींनी माना वर केल्या. कोचबाईंनी ताट उचललं, बोटाने वाजवून बघितलं आणि माझ्या गळ्यात स्टॉपवॉच अडकवलं.

त्या ताटाच्या काठाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं आहेत. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, भांड्याच्या दुकानातच मशीनने घालून मिळतं. कोचबाईंनी त्यावरून बोट फिरवून विचारलं, हे काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं आणि अर्थ सांगितला. ‘युनिव्हर्सिटी बास्केटबॉल संघातर्फे सप्रेम भेट.’

“तुम्ही युनिव्हर्सिटीकडून खेळलात?” त्यांनी विचारलं.

“मी टीममध्ये होते,” मी म्हटलं.

मी मेडनहेडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होते. चूक नसलेलं उत्तर आणि बरोबर उत्तर यांच्यात किती अंतर असतं, ते शोधून काढायचाच मला पगार मिळत होता. कोचबाईंनी तेव्हाच मुलींना बोलावून माझी ओळख करून दिली, की या भारतात युनिव्हर्सिटी लेव्हलला खेळलेल्या आहेत. मुलींनी टाळ्या वाजवल्या. माझी मुलगी सगळ्यांत जोरात वाजवत होती.

खरं काय होतं ते सांगून टाकते. मी नागपूरला तीन वर्षं युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये होते आणि तीनही वर्षं बाकावर होते. खेळायला जाताना मुली आपापली घड्याळं, चेन, कानातलं काढून माझ्याकडे द्यायच्या. माझ्या दोन्ही हातांत मनगटापासून कोपरापर्यंत घड्याळं असत आणि त्यातली कोणतीही दोन सारखी वेळ दाखवत नसत. तीन वर्षांत मी एकूण चार मिनिटं खेळले. अमरावतीला आम्ही इतके पुढे होतो की हरायचं म्हटलं तरी जमलं नसतं, तेव्हा शेवटची चार मिनिटं सरांनी मला आत पाठवलं. बॉल एकदा हातात आला. मी तो घाईने दुसरीला देऊन टाकला. लग्नात संघाने ताट दिलं ते मी घड्याळं नीट सांभाळली म्हणून, असा माझा अंदाज आहे.

हे इंग्लंडमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या ह्यांनाही नाही. घरात ट्रॅकसूटमधला एक ग्रुप फोटो होता, त्यात मी डावीकडून दुसरी. एवढ्या पुराव्यावर ते ब्रॅकनेलच्या त्यांच्या ऑफिसमध्ये वीस वर्षांपूर्वीच्या माझ्या खेळाच्या गोष्टी सांगत असत.

फेब्रुवारीत कोचबाईंना फोन आला, की उत्तरेकडच्या एका कॉलेजचे कोच आमची मॅच बघायला येणार आहेत. ते कॉलेज बास्केटबॉलचंच होतं म्हणायला हरकत नाही. तिथे मुली सकाळ-संध्याकाळ खेळत, मधल्या वेळात शिकत, आणि तिथून दरवर्षी एक-दोघी अमेरिकेतल्या कॉलेजांत जात. त्यांना पुढच्या वर्षासाठी एक मुलगी हवी होती आणि माझ्या मुलीचं नाव त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. हे कळल्यापासून ती घरात चालेनाशी झाली, जिन्यावरूनसुद्धा उड्या मारतच उतरायची.

शनिवारी गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती. बराच वेळ मनगटावरचा रिस्टबँड फिरवत होती. मग म्हणाली, “आई, मला हे खूप हवा आहे. लाइक, सगळ्यात जास्त.”

“मिळेल गं.”

“तू काही करू नको हां. नो शाउटिंग. तू फक्त टाइम बघ.”

मी हो म्हटलं. आणि मी ओरडले नाही.

पाहुणे कोच वरच्या रांगेत, एकटेच, गुडघ्यावर वही घेऊन बसले होते. पिवळ्या आत होत्या. मुलगी पहिल्याच मिनिटात अशी खेळली की त्यांनी पेन काढलं. माझ्या स्टॉपवॉचवर साठ झाले. ते काहीतरी लिहीत होते, आणि माणूस लिहीत असताना मध्येच ताट वाजवणं मला बरं दिसेना. पासष्टला वाजवलं.

पंगतीत वाढणारी बाई आपल्या मुलाच्या पानाशी आली की डाव जरा खोल घालते, आणि तसं करताना ती मुद्दाम दुसरीकडे बघत असते. मीही कोर्टाकडे बघत नव्हते. पिवळ्यांचं मिनिट सत्तर सेकंदांचं झालं, मग पंचाहत्तरचं. जास्तीचे सेकंद कुठूनतरी यायला हवेत, म्हणून हिरव्यांचं मिनिट पंचावन्नावर, मग पन्नासवर आलं. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत मी पिवळ्यांना दीड मिनिटापर्यंत नेलं होतं आणि हिरव्यांना चाळीस सेकंदांवर आणलं होतं. मला वाईट वाटत होतं का? खोटं कशाला सांगू, नव्हतं वाटत. मला मजा येत होती. आयुष्यात पहिल्यांदा कोण किती वेळ खेळणार हे मी ठरवत होते.

एक गोष्ट मी विसरले होते. कोचबाई प्रॅक्टिसला दर मंगळवारी मुलींना घड्याळाशिवाय पळायला लावत, आणि मिनिट झालं असं ज्या क्षणी वाटेल त्या क्षणी खाली बसायचं असे. सुरुवातीला कोणी चाळिसाव्या सेकंदाला बसे, कोणी नव्वदाव्या. फेब्रुवारीपर्यंत दहाही मुली एकदम बसायला लागल्या होत्या. मी त्या दिवशी एक घड्याळ मागे-पुढे करत होते आणि समोर दहा घड्याळं बरोबर चालली होती.

हिरव्यांमध्ये ती नाटकाचे दिवे लावणारी मुलगी होती. बुटकी, धाप लागली की हसणारी. पूर्ण सीझनमध्ये तिचं एकही बास्केट झालं नव्हतं. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी शेवटी तिने कोणाच्यातरी हातून बॉल काढून घेतला आणि ती एकटी पळत बास्केटखाली पोचली. आसपास कोणी नव्हतं. तिने दोन्ही हातांनी बॉल वर धरला. माझ्या स्टॉपवॉचवर चाळीस झाले होते, आणि माझा हात आता सवयीने चालत होता. मी ताट वाजवलं.

ती थांबली. बॉल खाली घेतला, चार पावलं चालत गेली, आणि रेषेबाहेर नीट ठेवला. मिनिट संपल्यावर काही विचारायचं नाही, असं तिला शिकवलं होतं. ती धापा टाकत, हसत बाकावर येऊन बसली. तिच्या जागी माझी मुलगी आत गेली, आणि जाताना तिने पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं.

पिवळ्या खेळायला लागल्या. मी साठ होऊ दिले. तरी ताट वाजवलं नाही. बॉल माझ्या मुलीकडे होता आणि समोरचं अख्खं कोर्ट तिला मोकळं मिळालं होतं. वरच्या रांगेतले कोच पुढे वाकले होते. ती दोन ढांगांत बास्केटपाशी गेली असती. ती वेग कमी करत थांबली, बॉल बगलेत घेतला, बाजूच्या रेषेपर्यंत चालत आली, बॉल बाहेर ठेवला आणि बाकावर येऊन बसली. बाकीच्या चौघी तिच्या मागोमाग आल्या. एकीनेही का म्हणून विचारलं नाही. रेफरी माझ्याकडे बघत होते. हिरव्या मुली गडबडीने उठल्या. जिममध्ये इतकी शांतता झाली की मी ताट खाली ठेवल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

मॅच आम्ही हरलो. कोचबाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “घड्याळ ठीक चालतंय ना?”

“बॅटरी उतरली असावी,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्या हातात बॅटरीचं नवं पाकीट ठेवलं. मोजायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं नाही. काढून घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पाहुण्या कोचांचं उत्तर मंगळवारीच आलं होतं. मुलगी फार छान खेळते, पण ऐन वेळी ती आपणहून थांबली. आम्हाला न थांबणारी मुलगी हवी आहे. कोचबाईंनी ते फोन करून मुलीला जसंच्या तसं सांगितलं. ती स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवून ती टेबलाशी बसली, रिस्टबँड काढला, परत घातला, आणि मग रडायला लागली. लहानपणी रडायची तसं, तोंड न लपवता. मी पाठीवर हात ठेवायला गेले तर तिने खांदा काढून घेतला.

“तू थांबायला नको होतंस,” मी म्हटलं. “माझी चूक होती, तुला काय करायचं होतं?”

“तू तिचा मिनिट घेतला, आई.” तिने नाक पुसलं. “मला दिला. मी कशी खेळणार तिच्या मिनिटमध्ये?”

ताट तिथेच ओट्यावर पालथं घातलेलं होतं. तिने ते ओढून घेतलं आणि काठावरची अक्षरं हाताने चाचपली. तिला मराठी वाचता येत नसे, पण काय लिहिलंय हे तिला पाठ होतं.

“तुला नाही कळणार,” ती म्हणाली. “तू स्टार होतीस. तू कधी बेंचवर बसली नाहीस.”

इथे गप्प राहिले असते तरी चाललं असतं. कदाचित तिला बरंही वाटलं असतं.

“तीन वर्षं बसले,” मी म्हटलं. “पूर्ण वेळ. घड्याळं सांभाळायला.”

तिने वर बघितलं. “हाऊ मेनी मिनिट्स?”

“चार.”

“पर गेम?”

“एकूण.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं हसेल, किंवा चिडेल. ती फार हळू म्हणाली, “मग तर तुला माहीत होता.” तिने ताट परत ओट्यावर ठेवलं आणि वर आपल्या खोलीत गेली. मी तिथेच बसून राहिले. मला माझी इतकी लाज आजवर वाटली नव्हती.

बुटक्या मुलीचं बास्केट त्या सीझनमध्ये झालं नाही. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, इट्स ओके, तसाही तो गेला नसता. गेला असता की नाही ते आता कोणालाच कळणार नाही. सीझन संपेपर्यंत मी साठ म्हणजे साठला ताट वाजवत राहिले. मुलगी खेळायची, बाकावर यायची, माझ्याशी कामापुरतं बोलायची. पुढच्या वर्षी ती कुठेही ट्रान्सफर झाली नाही.

एप्रिलमधल्या शेवटच्या शनिवारी पालकांची मॅच असे. आईवडील विरुद्ध मुली, पालकांनाही तीच पद्धत. कोचबाईंनी मला हिरवा रिस्टबँड दिला. आमचे हे माझा खेळ बघायला आले होते, कॅमेराही घेऊन. त्यांना मी आदल्या आठवड्यात खरं सांगितलं होतं. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले होते, “पण फोटोत तू छान दिसतेस.” स्टॉपवॉच आणि ताट मुलीकडे होतं. पिवळ्यांमधली आपली मिनिटं तिने दुसऱ्या एकीला खेळायला देऊन टाकली होती.

आत गेल्यावर मला काही सुचत नव्हतं. बाकीचे पालक माझ्यापेक्षा जास्त दमलेले होते, म्हणून असेल, पण बॉल उसळत माझ्याकडे आला. मी तो या वेळी कोणाला दिला नाही. तीन-चार वेळा जमिनीवर आपटत मी बास्केटखाली पोचले. समोर कोणी नव्हतं. मी दोन्ही हातांनी बॉल वर धरला.

ताट वाजलं.

मी तिच्याकडे बघितलं. ती स्टॉपवॉचकडे बघत होती, चेहऱ्यावर काही नाही. एक सेकंद जास्त दिला नव्हता आणि एक कमी केला नव्हता. मी चार पावलं चालत गेले, बॉल रेषेबाहेर ठेवला आणि बाकावर जाऊन बसले. चार आणि एक, पाच मिनिटं झाली होती. श्वास जागेवर येईना. इतकी वर्षं मी बाकावर बसले, पण पळून येऊन कधी बसले नव्हते.

समोर पिवळे पालक धडपडत होते. शेजारी कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, मी नको म्हटलं. मी मोजत होते. पन्नासच्या पुढे आकडे जरा भराभर यायला लागले, ते मी मुद्दाम आवरून धरले. अठ्ठावन्न, एकोणसाठ.

ताट वाजलं, आणि मी उठले.